घट गावाचा, प्रश्न घरचा

दादा,

आज आखाजी, अक्षय तृतीया. दुपारी तुमच्या नावाची घागर भरली, पत्रावळीवर पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई वाढून अंगणात ठेवली आणि आम्ही तिघं दारात उभे राहिलो. कावळा काही येईना. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. तुमची नात ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आजोबा बी माह्या कंपनीसारखेच हायेत, बाबा. येतो म्हनतात, कवा येतो ते सांगत नाहीत." तिची आई तिच्यावर डाफरली, "सनाच्या दिवशी असं बोलते का कोनी?" मला हसू आलं. शेवटी कावळा आला, त्या दोघी जेवल्या, मला घटाचा उपास, पण तिचं ते बोलणं मनातून गेलं नाही. म्हणून आता शेतात गावाच्या पाऊस-पिकाचा घट मांडून आल्यावर, हातपाय धुऊन, दिवेलागणीला तुम्हाला लिहायला बसलो आहे. कुणाला तरी हे सांगायला हवं आहे, आणि गावात ज्याला सांगावं तो उद्या सकाळी माझ्याच तोंडाकडे बघत उभा असणार आहे.

तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात आणि त्यानंतर ती झाली. माय होती तोवर म्हणायची, नाक थेट तुमचं आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचं इंजिनिअरिंग झालं. शेवटच्या वर्षाला असतानाच पुण्याच्या एका कंपनीनं कॉलेजात येऊन तिची निवड केली होती. गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीसमोर तिला शाल-नारळ दिलं. तुमच्या बरोबरीचे चाचा, मिरचीचा व्यापार करायचे ते, काठी टेकत हार घेऊन आले होते. मग कंपनीचा निरोप आला की रुजू व्हायची तारीख कळवू. मग आला की तारीख पुढे गेली आहे. मग पुन्हा तोच. आता वर्ष होत आलं. नोकरी गेली म्हणावं तर गेली नाही, आहे म्हणावं तर कुठं दिसत नाही. रोज सकाळी ती मोबाईल घेऊन कडुलिंबाखाली जाते, कारण तिथंच रेंज येते, आणि परत येते तेव्हा तिच्या चालण्यावरून आम्हाला कळतं. विचारावं लागत नाही.

पुण्याला जायचं म्हणून तिनं तेव्हाच बॅग भरून ठेवली होती. ती बॅग अजून खाटेखाली आहे. ती रोजचे कपडे त्याच बॅगेतून काढते आणि धुऊन, घडी करून परत तिच्यातच ठेवते. कपाटातला तिचा कप्पा रिकामा आहे. तिच्या आईनं एकदा ते कपडे कपाटात लावले, तर पोरीनं काही न बोलता पुन्हा बॅगेत भरले. लग्नाकार्यात बाया विचारतात, "काय करून राह्यली व सध्या?" ती सांगते, "सध्या श्वास घेऊन राह्यली, मावशी." बाया हसतात. घरी आल्यावर मात्र ती जेवत नाही.

आता गाठ इथं येऊन बसली आहे. तालुक्याच्या गावी एक इंग्रजी शाळा आहे. तिथं गणित शिकवायला तिला घेतात म्हणतात. पण त्यांची अट आहे की मूळ कागदपत्रं, दहावीपासून डिग्रीपर्यंतची सगळी, वर्षभर शाळेत जमा ठेवायची. मधेच कुणी सोडून जाऊ नये म्हणून. होकार द्यायचा तो उद्याच, कागद घेऊन. आणि कंपनीत रुजू व्हायचं तर पहिल्याच दिवशी मूळ कागद दाखवावे लागतात. म्हणजे शाळेला हो म्हटलं आणि पुढच्या महिन्यात पुण्याहून बोलावणं आलं, तर ती जाणार कशी? आणि नाही म्हटलं, आणि बोलावणं आलंच नाही, तर अजून एक वर्ष त्या कडुलिंबाखाली. आठ दिवस घरात हीच एक गोष्ट चालली आहे. भाकरी थापताना, गाय बांधताना, देवापुढं दिवा लावताना.

काल ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पोथी गुंडाळून ठेवत होतो. म्हणाली, "बाबा, उद्या तुमी घट मांडनार. परवा सकाळी पाहता तवा माह्यासाठी बी पाहजा ना."

मी म्हटलं, "पोरी, घट गावाचा असते."

"मी गावातली नाही का?"

दादा, ती शिकलेली आहे. घट कसा मांडतात याचा तिनं कॉलेजात असताना व्हिडिओ केला होता, आणि त्यात रात्रीचा वारा, मुंग्या, जमिनीतली ओल असं सगळं समजावून सांगितलं होतं. ती दाण्यावर विश्वास ठेवत नाही. पण वर्षभर वाट पाहिलेलं माणूस कशालाही विचारतं. आणि ती दाण्याला नव्हे, मला विचारत होती, हे मला कळत होतं.

मग तिची आई. आज पुरण वाटताना तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "सांगून टाका ना तिले. घटात निघालं म्हना, शाळेत जाय म्हनून. तुमचं ऐकते ते. पोरगी वाळून चालली, दिसत नाही काय तुमाले?"

"घटात असं काही निघत नसते."

"मले माहीत हाये निघत नसते ते. तुमच्या तोंडातून निघू द्या म्हनते मी."

पाट्यावरचा तिचा हात थांबला नव्हता. मी काही बोललो नाही, आणि तिनं ते हो असं धरलं.

संध्याकाळी शेतात गेलो. दिवसभराचा उपास, अनवाणी पाय, तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तुमच्यासारखंच. मधे खड्डा केला, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवली, त्यावर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई. शेजारी राजाचा, म्हणजे सरकारचा, विडा. भोवती वर्तुळ करून धान्याच्या चिमटी: गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, सरकी, सगळं तुम्ही लावून दिलेल्या क्रमानं. एक बदल केला आहे तो सांगतो. तुम्ही सोयाबीनला घटात जागा दिली नव्हती. "परवाचं आलेलं पीक ते, त्याले काय विचारायचं," म्हणायचे. पण आता अर्ध्या गावाच्या वावरात तेच आहे, लोक ऐकेनात. मी त्याला जवसाच्या शेजारी बसवलं. तुम्हाला राग आला असेल तर असू द्या.

घट खरा होतो का, असं मला कापसाच्या जिनिंगात सोबत काम करणारी पोरं विचारतात. मी त्यांना सांगतो, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की वर्षातून एकदा एक माणूस उपाशी राहून, चपला काढून, सगळ्या गावाच्या वतीनं जमिनीपुढं वाकतो आणि सकाळी जे दिसलं तेवढंच बोलतो. माझा विश्वास त्या शेवटच्या गोष्टीवर आहे. तो तुमच्यामुळे बसला आणि ज्या दिवशी बसला त्या दिवशी मी तुमच्यावर इतका चिडलो होतो की दोन वेळा जेवलो नाही.

मी बी.ए. झालो त्याच्या पुढची आखाजी. तुम्हाला ती आठवत असणारच. वर्षभर मी घरी होतो. तलाठ्याची परीक्षा दिली, पोलिसाच्या भरतीत धावलो, शिक्षकाच्या नोकरीसाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवले. पोस्टमन वेशीतून आत येताना दिसला की मी घरात जायचो, म्हणजे त्यानं हाक मारली तर मारली, नाही मारली तर मी वाट पाहत होतो असं कुणाला दिसू नये. चावडीवरून जायचं टाळायचो. बखळीतून, गोठ्यांच्या मागून शेतात जायचो. गावात पहिला पदवीधर म्हणून ज्यांनी पाठ थोपटली होती तेच विचारायचे, "मंग काय, सायेब?" त्या सायेबातला काटा मला अजून टोचतो.

मायनं त्या वर्षी तुम्हाला चुलीपाशी म्हटलं होतं, "एक दाना आपल्या पोराच्या नावाचा ठेवा ना." मी दाराआड उभा होतो. तुम्ही जेवत होता. तोंडातला घास गिळून म्हणालात, "घट गावाचा हाये. घरच्यासाठी देवघर हाये." आणि पुन्हा जेवू लागलात. मायनं चुलीत लाकूड सारलं. मला वाटलं होतं तुम्ही निदान थोडा विचार तरी कराल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळं गाव वर्तुळाभोवती. आदल्या वर्षी पाऊस मधेच उघडला होता, तुरी वाळल्या होत्या, म्हणून लोक जास्तच आले होते. तुम्ही घागर उचलली. चारही ढेकळं ओली. नुसती ओलसर नाही, चांगली भिजलेली, चारही सारखी. मागून कुणीतरी ओरडलं, "चारई महिने पानी!" आणि लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले. एका म्हाताऱ्यानं तिथंच मातीला हात लावून कपाळाला लावला. माझ्याही छातीत काहीतरी उघडलं, खरं सांगतो. वाटलं, वर्ष चांगलं आहे, तर माझंही असेल.

तुम्ही मात्र घागर खाली ठेवली नाही. ती उलटी केली, उरलेलं पाणी ओतलं, बुडावर तळहात फिरवला. मग बोट फिरवलं. मग ती सूर्याकडे धरून आतून पाहिली. लोक हळूहळू शांत झाले. तुम्ही म्हणालात, "घागर चिरली हाये. हे पानी पावसाचं नाही, घागरीचं हाये. यंदा मले नाही समजलं."

चाचा तेव्हा पन्नाशीचे असतील. ते म्हणाले, "अरे दादा, थोडा तो बोलो. इतनी दूर से लोगां आये."

"काय बोलू? जे दिसत नाही ते?"

"मंग आमी पेरावं कवा?" मागून एकजण चढ्या आवाजात.

"ओल पाहा अन पेरा."

"ते त आमाले बी समजते. मंग तुमी कायले उपाशी राह्यले?"

लोक हसले. तुम्ही हसला नाहीत आणि रागावलाही नाहीत. घागर काखेत धरली, दाणे गोळा करून पाखरांना टाकले, आणि घराकडे निघालात. मी तुमच्या मागून येत होतो. नाल्यापाशी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, हो म्हणाले असते तर काय गेलं असतं तुमचं? खूश होते लोक. एक दिवस तरी खूश राहिले असते. चिरलेली घागर काय फक्त तुम्हालाच दिसली?

तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाहिलंत, आणि मला वाटलं आता मारता. "हो म्हनायले माह्यं काय जाते?" तुम्ही म्हणालात. "पेरनाऱ्याचं बियानं जाते."

एवढंच. मग पुढे चालू लागलात. मी वाकड्या वाटेनं विहिरीवर गेलो आणि दिवसभर घरी आलो नाही. मला पाऊस नको होता, पीक नको होतं, मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं की होईल सगळं नीट. तुम्ही ते गावाला सांगितलं नाही आणि मलाही नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही बाजारातून आलात आणि म्हणालात की रस्त्यावरच्या जिनिंगात कापूस पाहायला शिकलेलं माणूस हवं आहे. "नोकरीची ऑर्डर येत नाही तोवर जाय." मी गेलो. पहिल्या दिवशी निघताना तुम्ही तुमचा धुतलेला दुपट्टा दिलात, नाकातोंडाला बांधायला, कारण आत नुसती रुई उडते. मला तो देताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, बैलाच्या गळ्यातली घंटा उगाच नीट करत होता. जिनिंगातला तो पहिला दिवस अजून अंगावर येतो. यंत्रांचा आवाज असा की आपलाच शब्द आपल्याला ऐकू येत नाही, पापण्यांवर पांढरं, घशात पांढरं, आणि मी ढिगात हात घालून ओल बघतोय, धागा ओढून बघतोय, आणि मनात म्हणतोय, तोवर. ऑर्डर येते तोवर. बाजाराच्या दिवशी तुम्ही फाटकाशी येऊन उभे राहायचे. डबा मी घेऊन आलेलो असायचो, तुम्हाला ते माहीत असायचं, तरी कागदात भजी घेऊन यायचे. मी बाहेर यायचो, तुम्ही विचारायचे, "बरं हाये ना?" मी म्हणायचो हाव. आणि तुम्ही निघून जायचे.

ऑर्डर आली नाही, दादा. कुठलीच. मी अजून त्याच जिनिंगात आहे. लग्न तिथं असताना झालं, घर तिथल्या पगारावर उभं राहिलं, पोरगी शिकली. मी दुःखी आहे असं नाही. गुरुवारी शेगावला जाऊन येतो, डोकं टेकवतो, शांत वाटतं. पण कधी कधी दुपारी कापसात हात घातला की वाटतं, मी अजून तोवरच चाललो आहे. आणि तोवर हा शब्द किती लांब असतो हे मला ठाऊक असताना, तो मी माझ्या पोरीला कसा सांगू? आणि न सांगावं तर, वर्षभर मी पोस्टमनपासून लपत होतो तशी ती अजून किती दिवस हसत हसत लपेल?

उद्या सकाळी ती तिथं येणार आहे. घट पाहून झाला की तिथूनच फाट्यावर जाऊन गाडी पकडणार, कागदांची फाईल घेऊन. शाळेत द्यायची की तशीच परत आणायची, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. म्हणाली, "तुमी काय सांगता ते ऐकून ठरवतो." माझ्या एका वाक्यावर पोरगी कुठं उभी राहणार हे ठरणार असेल, तर ते वाक्य मला माहीत असायला हवं ना? मला माहीत नाही. खोटं बोलायचं झालं तर मात्र दोन्ही बाजूंची वाक्यं तयार आहेत. जा म्हणायचं, थांब म्हणायचं, दोन्ही मला घागरीखाली सहज सापडतील. जेवायला हाक आली. आज मला जेवण नाही, पण पानावर बसावं लागेल.

आता दुसरा दिवस. दुपार टळली आहे.

सकाळी गेलो. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. माणसं पूर्वीइतकी नव्हती, पण मोबाईल खूप होते, सगळे वर धरलेले. घागर उचलली, आधी बूड पाहिलं. ते आता मी दरवर्षी आधी पाहतो. पहिलं ढेकूळ अर्धं कोरडं, दुसरं आणि तिसरं ओलं, चौथं जवळजवळ सुकं. तसं सांगितलं: पेरणीला घाई नको, मधले दोन महिने बरे, शेवटी हात आखडता. ज्वारी जागची हलली नव्हती. सरकी थोडी बाहेर फाकली होती. तीळ मुंग्यांनी पार नेले होते. चाचा आता नव्वदीकडे झुकले आहेत. खुर्चीवर बसून म्हणाले, "मुंग्याईले बी भाव समजते." विडा जागच्या जागी होता, म्हणजे राजा बसलेला. कुणीतरी म्हणालं, "तो आपल्यानं उठत बी नाही." लोक हसले. सोयाबीनचं विचारलं, तेही जसं दिसलं तसं सांगितलं. माणसं पांगू लागली.

ती धुऱ्यावर उभी होती. तिची आई तिच्या मागं, माझ्याकडे डोळे लावून. चाचांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अन आपल्या इंजिनिअर बेटीचं काय निघालं?" पांगणारी माणसं थांबली. पुन्हा मोबाईल वर झाले.

 तिचा चेहरा मी पाहत होतो. वर्षभर जो हसत होता तो आता हसत नव्हता. तिच्या हातातली फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मला वाटलं, बोल काहीतरी. जा म्हण. शाळा तर शाळा, निदान चालणं तरी सुरू होईल. आणि मग मीच माझा आवाज ऐकला: "तुह्यं मले नाही समजलं, पोरी."

 तिच्या आईनं मान फिरवली. चाचा एकदम हसले, खोकला येईपर्यंत हसले. "बेटा, तू त तुह्या बापाच्या वर गेला. त्यानं घागर तरी दाखोली होती."

पोरगी खाली उतरून माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं, बाबा."

"काय बरं झालं?"

"आईनं मले काल सांगतलं होतं, तुमाले काय म्हनायले लावलं ते. शाळेत जाय म्हनले असते ना तुमी, त मी गेलीच नसती. इथूनच घरी आली असती." आणि मग तिच्या आईकडे बघून, "तुले बी ना आई, पोटात काही ठेवता येत नाही."

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काय. गाडी येऊन राह्यली." माझ्या पायाला हात लावला आणि निघाली. फाट्यापर्यंत आम्ही तिला जाताना पाहत होतो. तिची आई माझ्याशी वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिनं मला चहा दिला तो कप जरा जास्तच जोरात ठेवला. मी आज जिनिंगात गेलो नाही. अंगण झाडलं. पोथी उघडली, एक ओळ वाचली, बंद केली. फोन खिशात, हातात, पुन्हा खिशात. फोन करावा असं वाटलं आणि केला नाही. जे मला समजलं नाही म्हणून चारचौघांत सांगितलं, ते आता मागून विचारून काय उपयोग?

दुपारी फोन आला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता, शाळेत सुट्टीतलं कसलंतरी शिबिर असावं. ती म्हणाली, "दिले, बाबा."

"ओरिजनल?"

"हाव. ओरिजनल."

 मी विचारलं, "अन पुण्याहून बोलावलं त?"

"त पाहू. येऊन भांडू. तुमाले बी आनू सोबत." मग थोडी थांबली. "बाबा, कागद ठेवले त्याईनं. मले थोडीच ठेवलं."

मी हो हो म्हणत होतो. ती म्हणाली सुट्या संपल्या की वर्ग सुरू होतील, सकाळची गाडी मिळेल, संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी. आईला सांगा, माझ्या वाटणीचं दूध विकू नका म्हणावं. फोन ठेवला. तिची आई दारात उभी होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत गेली. आता तिची भांडी वाजतात ती नेहमीसारखी.

दादा, या पोरीनं जे सांगितलं ते मला माझ्या वयाला कुणी सांगितलं नाही, आणि मला स्वतःला ते सुचलंही नाही. माझे कागद तर घरीच होते, लोखंडी पेटीत. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. ती कदाचित जाईल, कदाचित जाणार नाही. पण गेली नाही तर तिला ते माहीत असेल की ती आपल्या मर्जीनं थांबली आहे.

पण हे सगळं शहाणपण झालं, आणि मी तुम्हाला लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. फोन ठेवल्यावर मी या ओट्यावर बसलो होतो. पोरीचं वर्ष अडकलं, कागद परक्याच्या कपाटात गेले, पुण्याची वाट अवघड झाली, हे सगळं मला कळत होतं. मला काळजी वाटायला हवी होती. आणि मला बरं वाटलं, दादा. संध्याकाळी ती घरी येणार, रोज येणार, या एका गोष्टीनं मला इतकं बरं वाटलं की मलाच माझी लाज वाटली. हे मी तिला सांगणार नाही. तिच्या आईलाही नाही. एवढ्या वर्षांत मला एकदाही मनात आलं नव्हतं ते आज आलं: भजी घेऊन फाटकाशी उभे राहायचे तेव्हा तुम्हालाही असंच वाटत होतं का?